पलंगाचं फाटक

मित्रांनो, सावली तालुक्यात जंगलाला चिकटून एक लहानसं शेत आहे. त्या शेताचं फाटक म्हणजे मी. पण माझ्याकडे नीट पाहिलंत तर तुम्ही थबकाल. फाटकाला असा गोल वाकवलेला उशाकडचा गज नसतो, आणि पोटावर अशा विणलेल्या पट्ट्याही नसतात. मी मुळात दवाखान्यातला एक जुना लोखंडी पलंग आहे. मला एका कुशीवर उभं करून इथे टांगलं आहे.

लोखंडाला कसली आली आहे भीती, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं. पण आज जे सांगणार आहे ते आठवलं की माझ्या नळ्यांतून अजूनही गार वारं फिरतं.

माझा जन्म नागपूरच्या एका कारखान्यात झाला. कारागिरांनी नळ्या वाकवल्या, पट्ट्या विणल्या, सांधे जोडले आणि मला पांढराशुभ्र रंग दिला. मग एका ट्रकात बसून मी एका खेड्यातल्या छोट्या दवाखान्यात आलो. तिथे माझं आयुष्य सुखात गेलं असं म्हणणार नाही, पण ते कामाचं होतं. तापाने फणफणलेली पोरं माझ्यावर निजली. भाताच्या रोवणीच्या दिवसांत चिखलात साप चावलेले मजूर माझ्यावर आले, त्यातले पुष्कळ चालत घरी गेले. कितीतरी बाळांनी पहिला टाहो माझ्यावरच फोडला. तिथल्या रश्मी सिस्टर मला रोज फिनेलच्या पाण्याने पुसायच्या. नवी बाळंतीण आली की म्हणायच्या, "हिला त्या कोपऱ्यातल्या पलंगावर घ्या. तो कुरकुरत नाही." एवढ्या शब्दांवर मी वर्षानुवर्षं खूश होतो.

पुढे दवाखान्याची नवी इमारत झाली. चाकं असलेले, दांडा फिरवला की उशी वर करणारे नवे पलंग आले. मला उचलून इमारतीच्या मागे भिंतीला टेकवून ठेवलं. पाऊस आला, गेला. रंगाचे पोपडे निघाले आणि त्याखाली तांबूस गंज चढला. कोणी माझ्यावर ओली चिंधी वाळत घालायचं, कोणी पानाची पिचकारी मारायचं. मग एक दिवस बिरजू भंगारवाला आला आणि मला आपल्या टेम्पोत घालून घेऊन गेला.

बिरजूच्या आवारात मोडक्या सायकली होत्या, फुटके ड्रम होते, कूलरचे पत्रे होते. मधूनमधून एक मोठा ट्रक यायचा आणि लोखंड भरून भट्टीकडे न्यायचा. ट्रकचा आवाज आला की आम्ही सगळे गप्प व्हायचो. आज मी, का उद्या मी, एवढाच विचार. त्या आवारात मला पहिल्यांदा भीती कळली. तेव्हा वाटायचं, वितळून जाण्याहून वाईट काही नसेल. ते माझं चुकलंच.

एका सकाळी अंजनाबाई तिथे आल्या. सोबत त्यांचे यजमान श्रावण बैलगाडी घेऊन होते. अंजनाबाई पन्नाशीच्या, अंगाने बारीक, चालायला भरभर. त्यांनी मला धरून एका कुशीवर उभं केलं आणि पट्ट्यांमधून पलीकडे पाहिलं.

बिरजू म्हणाला, "बाई, झोपाले जमत नाई आता त्याच्यावर. सांधे सैल झाले."

"झोपाले कोनाले पाहिजे," अंजनाबाई म्हणाल्या. "डुकराले अडवाचं आहे."

अशा रीतीने मी भट्टीऐवजी शेतात आलो.

श्रावण आणि अंजनाबाई यांच्याकडे धानाच्या दोन बांध्या, म्हणजे बांध घातलेले भाताचे तुकडे, आणि बाजूला थोडी उंचवट्याची जमीन आहे. एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला लटारूभाऊंचं शेत आणि मागे थेट जंगल. रानडुकरं तिकडून कळपाने येतात आणि नांगर फिरवल्यासारखी जमीन उलथून जातात. तारेचं नवं कुंपण करणं या घराला झेपणारं नव्हतं. म्हणून अंजनाबाईंनी उन्हाळाभर जिथे जे टाकलेलं दिसेल ते गोळा केलं. पाडलेल्या घराचे लाकडी फाटे खांब म्हणून गाडले. कूलरचे पत्रे, ड्रमचे चिरलेले पत्रे, सायकलची चाकं त्यांना बांधली. त्यांचा मुलगा नागसेन राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीजवळ ट्रकवर काम करतो. त्याने खाणीत कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याचे टाकून दिलेले जाड काळे रबरी तुकडे आणून दिले. नाल्याच्या बाजूला सामान पुरलं नाही, तिथे जुनी लुगडी ताणून बांधली. माणसाच्या वासाने आणि फडफडीने डुक्कर बिचकतं म्हणतात.

माझे पाय कापले आणि त्याच रबराच्या पट्ट्यांनी मला खांबाला टांगलं. तेच माझं बिजागर. मी जमिनीपासून वीतभर वर राहिलो आणि ढकललं की अलगद उघडू लागलो. श्रावण मला चार वेळा उघडून बंद करून पाहत होते. "नागसेनची माय, मस्त झालं ना," ते म्हणाले. गावातले लोक येता-जाता हसायचे की अंजनाबाईंनी भंगाराचं दुकान मांडलं. अंजनाबाईही हसायच्या. मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवसांत मला रश्मी सिस्टरच्या शब्दांइतकाच आनंद झाला होता.

धान लोंबीवर येईपर्यंत सगळं ठीक चाललं. मग डुकरांनी नाल्याची बाजू हेरली. लुगडी फाडून कळप आत शिरला आणि एक बांधी सपाट करून गेला. सकाळी श्रावण बांधावर बसले ते उठेचनात. त्या सांजेपासून ते काठी आणि टॉर्च घेऊन जागलीला येऊ लागले. रात्रभर डबा वाजवायचे. पण जंगलात वाघ फिरत होता. त्याच दिवसांत पलीकडच्या गावचा एक माणूस जागलीवरून घरी परतलाच नाही. लोकांना त्याचा फक्त गमछा सापडला.

ती बातमी आली त्या दुपारी अंजनाबाई माझ्या उशाचा गज धरून उभ्या राहिल्या. 

"आजपासून तुमी जागलीले नाई याचं," त्या म्हणाल्या.

"मंग धान?"

"गेला तं गेला."

"अन् वर्षभर खाऊ काय?"

"ते मले माहीत नाई. पण तुमी याचं नाई."

 जागल थांबली. उरलेलं धान घरी गेलं, ते फार नव्हतं. कापणीनंतर त्यांनी उंचवट्यावर हरभरा पेरला. तो छान उगवला, फुलावर आला आणि श्रावण पुन्हा काळजीत पडले. रोज सकाळी येऊन ते कुंपणाभोवती खुरांचे ठसे शोधायचे. ठसे रोज थोडे जवळ यायचे.

अशाच एका सकाळी लटारूभाऊ दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून आले. त्यांचंही धान गेलं होतं. ते माझ्यावर कोपरं टेकवून बोलू लागले.

"श्रावणभाऊ, एवढं भंगार जमा केलंस, पन डुक्कर ऐकते काय? माझं ऐक. त्या लाइटीच्या पोलवर आकडा टाक अन् एक नंगी तार फिरव साऱ्या भोवताल. माझ्या बाजूनंबी फिरव. एका रातीत काम होते."

"मानूस लागला तं?" श्रावणांनी विचारलं.

"सांजेले लावाची, सकाळी काढाची. रातच्याले इथी कोन येते? वाघ येते."

"अन् वाघ लागला तं?"

लटारूभाऊ थोडा वेळ जंगलाकडे पाहत राहिले. "मंग पाहू," एवढंच म्हणाले.

माझ्या अंगावर काटा आला असता, जर लोखंडाला काटा येत असता. दवाखान्यात असताना एका पहाटे लोकांनी एक तरुण माणूस माझ्यावर आणून ठेवला होता. तो कुणाच्या तरी शेतातल्या अशाच तारेला चिकटला होता. डॉक्टरांनी फार वेळ प्रयत्न केले. त्याच्या तळव्यावर एक काळा डाग होता, बाकी तो झोपल्यासारखा दिसत होता. त्याची आई माझा पाय धरून बसली होती आणि तिला कोणी उठवू शकत नव्हतं. हे मला माहीत होतं, पण सांगणार कसं? श्रावणांनी होकार दिला नाही, पण नकारही दिला नाही. ते पोलकडे पाहत होते.

दोन-चार दिवसांनी अंजनाबाईंनी शेतातच त्यांना विचारलं, "बैलाच्या कोठ्यात तारेचं भेंडोळं कायले आनून ठेवलं?"

"वालाचे वेल चढवाले."

"करंट तं नाई लावून राह्यले ना?"

"नाई," श्रावण म्हणाले आणि खाली वाकून गवत उपटू लागले.

अंजनाबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी विश्वास ठेवला की ठेवावासा वाटला, हे मला आजही सांगता येत नाही.

नंतर आला तो सावलीच्या बाजाराचा दिवस. अंजनाबाई आणि लटारूभाऊंच्या बायको कमळाबाई सकाळीच बाजाराला गेल्या होत्या. त्या शेवटच्या गाडीने येणार, गावातल्या थांब्यावर उतरणार आणि तिथून सरळ घरी जाणार, हा श्रावणांचा हिशेब. दुपारी ते एकटे शेतात आले. बांबूच्या खुंट्या रोवून त्यांनी कुंपणाच्या बाहेरून नंगी तार फिरवली. माझ्यासमोरून नेताना मात्र ते थांबले. हाताने अंतर मोजलं, खुंटी आणखी बाहेर सरकवली. "फाटकाले नाई लागाचं," ते स्वतःशीच पुटपुटले. वाईट करायचं त्यांच्या मनात नव्हतं, मित्रांनो. म्हणून तर मला जास्त भीती वाटत होती. अंधारात लाइनीवर आकडा टाकायची त्यांना धास्ती वाटली, म्हणून उजेड असतानाच त्यांनी लांब बांबूने तारेच्या टोकाचा आकडा विजेच्या लाइनीला अडकवला. एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि ते घरी गेले.

माझ्यासमोरची ती खुंटी ओल्या मातीत होती. तारेच्या ओढीने ती हळूहळू कलू लागली. मी पाहत होतो आणि काहीच करू शकत नव्हतो. खुंटी आडवी झाली. तार सैल पडली आणि माझ्या खालच्या नळीवर येऊन टेकली.

माझ्या सगळ्या अंगातून झणझण फिरली. एरवी असली वीज जमिनीत उतरून जाते म्हणतात. पण मी जमिनीपासून वर होतो, रबराला टांगलेला होतो. ती कुठे जाणार? ती माझ्यातच दबा धरून बसली. ज्याचा हात मला लागेल त्याच्यातून तिला वाट मिळणार होती. बाहेरून मी होतो तसाच दिसत होतो. तोच गंजका, ओळखीचा, रोज हाताने ढकलायचा पलंग.

तेवढ्यात धुऱ्यावरून बोलण्याचा आवाज आला. अंजनाबाई आणि कमळाबाईंना बाजारातून एक टेम्पो मिळाला होता आणि त्याने त्यांना अलीकडच्या वळणावर सोडलं होतं. तिथून जवळची वाट या शेतातूनच जाते. म्हणजे माझ्यातूनच. दोघींच्या डोक्यावर पिशव्या होत्या. कमळाबाई वांग्यांबद्दल काहीतरी सांगत होत्या. मला ओरडायचं होतं. दवाखान्यात कधी कुरकुरलो नाही म्हणून माझं कौतुक झालं होतं. त्या क्षणी मी जीव तोडून कुरकुरायला तयार होतो, पण वाराही पडलेला होता.

चरून परतणाऱ्या बकऱ्या तिकडूनच चालल्या होत्या. त्यात कमळाबाईंची कबरी नावाची बकरी होती. मालकिणीचा आवाज ऐकून ती मागे राहिली आणि मग तिला माझ्या पलीकडचा हिरवा हरभरा दिसला. तिने पट्ट्यांमधून मान घातली. आवाजही न करता ती खाली बसली आणि आडवी झाली.

"अवं, माझी कबरी अडकली वाटते," कमळाबाई म्हणाल्या. पिशवी टाकून त्या धावत सुटल्या. हात पुढे केलेला.

अंजनाबाई दोन पावलं मागे होत्या. सूर्य खाली आला होता आणि तिरप्या उन्हात खुंट्यांवरची नवी तार चकाकत होती. ती त्यांना दिसली. त्यांनी डोक्यावरची पिशवी फेकली आणि कमळाबाईंचा पदर धरून अशी ओढ घेतली की दोघी मागच्या मागे जमिनीवर पडल्या. कमळाबाईंची बोटं माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

"सोडा बाई, मरंल ते," कमळाबाई उठू लागल्या.

अंजनाबाईंनी त्यांना दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं. "मेली ते. हात लावू नको. करंट आहे."

"कायचा करंट?"

अंजनाबाई बसल्या जागेवरून गावाकडे तोंड करून श्रावणांना हाका मारू लागल्या. रश्मी सिस्टरच्या दवाखान्यात मी पुष्कळ हाका ऐकल्या, पण तसा आवाज ऐकला नव्हता. श्रावण धावत आले. बायको जमिनीवर पडलेली पाहून ते थेट आमच्याकडेच वळले.

"तिथीच थांबा," अंजनाबाई म्हणाल्या. "पुढं येऊ नका. आधी आकडा काढा."

ते वळले आणि पोलकडे पळाले. बांबू उचलला. घाईत बांबूचं टोक दोनदा लाइनीच्या खालून गेलं. तिसऱ्या वेळी आकडा निघाला आणि तार जमिनीवर पडली. माझ्यातली झणझण थांबली. श्रावण माझ्यासमोर आले. आधी हाताची मागची बाजू लावली, मग पूर्ण तळवा. तसेच उभे राहिले.

लटारूभाऊही आवाज ऐकून आले होते. कमळाबाई कबरीची मान मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमीच सांगतलं ना श्रावणभाऊले?"

"डुकरासाठी सांगतलं होतं," लटारूभाऊ म्हणाले.

"बकरी आधी नसती आली तं फाटकाले माझा हात होता. मीच उघडनार होती."

लटारूभाऊंनी गमछा डोक्यावरून काढला, हातात धरला, पुन्हा बांधला.  

अंजनाबाई साडीची माती झटकत उठल्या. "तुमी मले नाई म्हनलं होतं," त्या श्रावणांना म्हणाल्या.

"तू जागलीले येऊ देत नव्हती. मंग मी काय करू?"

अंजनाबाईंनी फेकलेली पिशवी उचलली. मग म्हणाल्या, "हो. ते बी खरं आहे."

त्या रात्री डुकरं आली. कुंपण मोडून हरभऱ्याचा एक मोठा पट्टा खाऊन गेली. श्रावणांनी सकाळी ते पाहिलं आणि कोणाला दोष दिला नाही. अंजनाबाई पक्कड घेऊन धुऱ्यावर बसल्या आणि त्या सगळ्या तारेचे वीतवीतभर तुकडे करत राहिल्या. कोणी जोडू म्हणेल तरी जोडता येऊ नयेत इतके लहान. त्याच तुकड्यांनी त्यांनी उरलेले पत्रे खांबांना आवळून बांधले. कबरीला लटारूभाऊंनी आपल्या शेताच्या कडेला पुरलं आणि मग ते नाल्याच्या बाजूची लुगडी सोडून तिथे खांब गाडायला लागले.

त्या उन्हाळ्यात दोन्ही शेतांचं मिळून एकच कुंपण झालं. मधला धुरा मोकळा राहिला, त्यामुळे सामान पुरलं. लटारूभाऊंनी आपल्या जुन्या कोठ्याचे पत्रे दिले. नागसेनने आणखी रबर आणलं, ते नाल्याच्या बाजूला दुहेरी लावलं. ऐनाच्या झाडावर उंच मचाण बांधलं आणि आता जागलीला श्रावण आणि लटारूभाऊ दोघे मिळून जातात, उजेड असताना चढतात आणि उजाडल्यावरच उतरतात. तरीही अंजनाबाईंना झोप लागते असं नाही. डुकरं अजून येतात. कधी हरतात, कधी जिंकतात. वाघही आहेच. काळजी संपली असं मी तुम्हाला सांगितलं तर ते खोटं होईल.

मित्रांनो, भंगारातलं सामान घरी न्यायला लाजू नका. मोडका पलंग फाटक होऊ शकतो, फुटका ड्रम भिंत होऊ शकतो. आम्ही टाकलेल्या वस्तू पुन्हा कामाला लागायला नेहमी तयार असतो. पण आम्हाला आमचं काम निवडता येत नाही. ते तुम्हीच निवडता. तुम्ही आम्हाला रोगी निजवायला लावाल तर आम्ही निजवू, पीक राखायला लावाल तर राखू. आणि कोणाचा जीव घ्यायला लावलंत, तर तोही आम्ही घेऊ, बिनबोभाट, कुणाला न विचारता. म्हणून आम्हाला जपा, आणि आमच्या हातून काय करवून घेता ते आधी शंभरदा मनाशी विचारा.

कमळाबाई अजूनही याच वाटेने जातात. बाकी सगळे मला हाताने ढकलतात. त्या मात्र जवळ आल्या की थांबतात, खालची वाळलेली काटकी उचलतात, तिने मला आधी शिवून पाहतात आणि मग काटकीनेच ढकलतात. श्रावण शेतात असले तर काम थांबवून ते पाहतात. त्या पलीकडे गेल्यावर ते येऊन मला पुन्हा बंद करतात.

कमळाबाईंचं मला वाईट वाटत नाही. फक्त रोज सकाळी त्यांची पावलं ऐकू आली की वाटतं, आज तरी त्या हात लावतील.